पावागडाच्या वाटांवर वेळ लिहिलेल्या पाट्या हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती आपल्या अंकात सुरू झाल्या आहेत. त्या निमित्ताने बडोदेकरांशी थोडे बोलायचे आहे. आपली मंडळी स्वित्झर्लंडला जातात, ल्युसर्नच्या सरोवरात बोटीतून फिरतात, दातेरी रुळांच्या गाडीने रिगी डोंगरावर चढतात, वर फोटो काढतात आणि त्याच गाडीने खाली येऊन बसमध्ये बसतात. १८७१ पासून चालणारी ती गाडी बघण्यासारखी आहेच. पण मला त्या डोंगरावर सर्वांत मोलाची वाटली ती वस्तू गाडीच्या खिडकीतून नीट दिसतसुद्धा नाही. पायवाटेच्या फाट्यावर उभा असलेला पिवळ्या पाट्यांचा खांब.

मी बडोद्यात व्यायामशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. मुलगी ल्युसर्नजवळ असते. तिच्याकडे उन्हाळ्यात राहायला गेले की दिवसभर ती आणि जावई कामावर, नात पाळणाघरात. तेव्हा मी डबा घेऊन एकटीच रिगीच्या वाटांवर जाऊ लागले. तिथली भाषा मला येत नाही, डावा गुडघा कुरकुरतो, तरी वाट विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

रिगी हा काही बर्फाच्या शिखरांतला डोंगर नव्हे. आल्प्सच्या मुख्य रांगेच्या अलीकडे, उत्तरेच्या अंगाला ज्या कमी उंचीच्या डोंगरओळी आहेत त्यांतला तो एक. उंची १,७९७ मीटर. पायथ्याचे सरोवर ४३४ मीटरवर, म्हणजे पाण्यापासून माथ्यापर्यंतचा चढ चांगलाच दमवणारा. एका अंगाला ल्युसर्नचे सरोवर, दुसऱ्या अंगाला झुगचे, आणि आणखी एक लहानसे लाउएर्झचे. खडकही वेगळाच. आल्प्स उंच होत होते तेव्हा नद्यांनी आणून टाकलेले गोल गोटे एकमेकांना चिकटून हा डोंगर झाला आहे. पावसानंतर त्यातले सुटे गोटे पायाखाली घरंगळतात, म्हणून तिथे चपला घालून जाऊ नये हे आपल्या प्रवाशांना आवर्जून सांगते.

आता त्या खांबाबद्दल. काल्टबाड नावाचे एक स्थानक डोंगराच्या कमरेवर आहे, तिथला खांब मी बराच वेळ निरखला. पांढऱ्या पट्टीत त्या जागेचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. बाकी बाणासारख्या टोकाच्या पिवळ्या पाट्या, काळ्या अक्षरांत पुढच्या ठिकाणांची नावे आणि प्रत्येक नावासमोर वेळ. किलोमीटर नाहीत, तास आणि मिनिटे. सपाटीवर माणूस ताशी सुमारे ४.२ किलोमीटर चालतो असे धरून, त्यात चढउताराचा हिशेब घालून ही वेळ काढतात. बसून डबा खाण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो. पाटी नुसती पिवळी असेल तर वाट कुणालाही जमेल अशी. टोकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट, पाय खंबीर हवेत. पांढरा-निळा-पांढरा असेल तर माझ्यासारखीने तिकडे जाऊच नये. दोन खांबांच्या मध्ये झाडाच्या बुंध्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा पिवळा ठिपका रंगवलेला असतो. तो दिसला की आपण वाटेवरच आहोत एवढे कळते आणि जिवाला स्वस्थ वाटते.

त्या पाट्यांच्या भरवशावर मी काल्टबाडहून शायडेगपर्यंत जात असे. ही वाट म्हणजे एक जुना रेल्वेमार्ग आहे. १८७४-७५ साली डोंगराच्या अंगाअंगाने इथे छोटी रेल्वे काढली होती, ती १९३१ मध्ये बंद पडली. आता त्याच पट्ट्यावर साधारण सात किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे. मध्ये एक लहानसा बोगदा लागतो, एक जुना लोखंडी पूल लागतो, खाली निळे पाणी आणि समोर बर्फाची रांग सतत सोबत असते. बाबागाडी ढकलत जाणाऱ्या आया मी तिथे पाहिल्या, काठी टेकत जाणारे माझ्याहून थोर लोकही पाहिले. आपल्या सहल कंपन्यांनी एका दुपारचे खरेदीचे दोन तास वाचवून लोकांना या वाटेवर चालवले तर साठीपुढची मंडळीही खुशीत चालतील.

खाली सरोवराकाठी वेगिस गाव आहे. तिथून काल्टबाडला चढणारी वाट मात्र जड आहे, सुमारे तीन तास सारखा चढ. वाटेत दोन प्रचंड शिळांवर तिसरी अडकून झालेली नैसर्गिक कमान लागते, तिच्याखालून जावे लागते. गायरानातून जाताना कुंपणाचे फाटक आपण उघडायचे आणि आपणच लावायचे. वासरू बरोबर असलेल्या गाईपासून लांबून जायचे, असे सांगणारी सचित्र पाटीही तिथे असते.

हे सगळे त्या लोकांना आपोआप मिळालेले नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला झुरिक सरोवराकाठच्या माइलेन गावातला योहान याकोब एस हा शिक्षक मुलांची सहल घेऊन एका खिंडीतून चालला होता. मोटारींनी मुलांना धुळीने माखले, रस्त्यावर चालणे नकोसे केले. त्याने सहकारी गोळा केले, आणि १९३४ मध्ये पायवाटांसाठीची देशव्यापी संघटना उभी राहिली. सगळीकडे एकाच रंगाची पाटी, हा आग्रह तेव्हापासूनचा. पुढे १९७९ साली जनतेने मतदान करून पायवाटा थेट राज्यघटनेत आणल्या. १९८५ चा कायदा १९८७ पासून लागू झाला. कोणत्या वाटा राखायच्या ते प्रांतांनी ठरवायचे, त्यांची निगा ठेवायची, आणि एखादी वाट मोडली किंवा तिच्यावर लांबवर डांबर घातले तर चालणाऱ्यांना दुसरी वाट करून द्यायची. आज त्या छोट्या देशात सुमारे ६५,००० किलोमीटर खुणांच्या वाटा आहेत. एका शाळामास्तराने मनावर घेतल्यावर एवढे होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

संपादक महाशय, आता आपल्या पावागडाकडे येते. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगर, पायथ्याला महमूद बेगड्याचे चांपानेर आणि वडा तलाव. ज्या विश्वामित्रीच्या पुराची आपण दर पावसाळ्यात धास्ती घेतो तीही याच डोंगरातून निघते. कालिकामातेच्या दर्शनाला जाणाऱ्यांसाठी माचीपर्यंत रस्ता आहे, पुढे पायऱ्या आहेत, १९८६ पासून रोपवे आहे. त्यांची सोय व्हायलाच हवी. पण अटक दरवाजा, सदनशाह दरवाजा, सात कमान, भद्रकाली, नवलखा कोठार, खुणिया महादेवचा धबधबा, या सगळ्यांकडे जाणाऱ्या पायवाटांचे काय? फाट्यावर उभे राहिले की डावीकडे जायचे की उजवीकडे हे सांगणारे काही नसते. एखाद्या दगडावर चुन्याचा बाण असतो, तो कुणी काढला आणि कुठल्या ठिकाणासाठी, कुणालाच ठाऊक नसते.

मी अजूनही ओळखीतल्या मुलींना घेऊन पावागडावर जाते. एका पावसाळ्यात नवलखा कोठाराच्या वाटेवर एका मुलीचा घोटा मुरगळला, पाय टेकवेना. फोनला रेंज होती. १०८ वरच्या बाई अतिशय धीराने विचारत होत्या, “बेन, तुम्ही नेमक्या कुठे आहात?” मी काय सांगणार? मोठा काळा दगड आहे, दोन वाटा फुटतात, जवळ करवंदाची जाळी आहे. पावागडावर अशा जागा पावलोपावली आहेत. त्यांनी परत विचारले, मी परत तेच सांगितले. शेवटी थोरल्या मुलींनी आळीपाळीने हातांची खुर्ची केली आणि तिला माचीपर्यंत आणले. तिथे खांबावर जागेचे नाव आणि एक आकडा लिहिलेला असता तर मदत थेट आमच्यापर्यंत आली असती. घोट्याच्या जागी कुणाचे डोके फुटले असते तर, हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की पावागडाच्या पायवाटांना पाट्या लावाव्यात. स्वित्झर्लंडच्या पाट्यांची नक्कल मात्र नको. आपल्याकडे मार्चपासून सगळे गवत पिवळे पडते, त्यात पिवळी पाटी हरवून जाईल. पांढरी-निळी पाटी लांबून दिसेल. कोटाच्या भिंतींवर, दरवाजांवर रंगाचा एक ठिपकाही पडता कामा नये. २००४ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. वाटेच्या कडेला कमरेएवढे खांब पुरतील. त्यावर गुजराती आणि देवनागरीत जागेचे नाव, उंची, पुढच्या ठिकाणची वेळ (चढायची वेगळी, उतरायची वेगळी) आणि खांबाचा क्रमांक. तोच क्रमांक १०८ कडेही नोंदवलेला असावा. आणखी एक गोष्ट आपल्याकडे हवीच: पिण्याचे पाणी पुढे कुठे आहे ते. रिगीवर ठिकठिकाणी लाकडी कुंडीत झऱ्याचे पाणी पडत असते, आपल्या एप्रिलच्या उन्हात पाण्यावाचून तासभर चढणे जिवावर बेतू शकते. जी वाट कड्यावर जाऊन संपते तिच्या तोंडाशी तसे स्पष्ट लिहावे. पावसाळ्यात तरुण मुले सेल्फीसाठी नेमकी तिकडेच जातात.

डोंगराचा कारभार एकाहून अधिक खात्यांकडे आहे, मंदिराची व्यवस्था वेगळी, पायथ्याच्या गावांची पंचायत वेगळी. म्हणून वाटांची जबाबदारी त्यांच्यापैकी कुणातरी एकाने लेखी घ्यावी असे मला वाटते. प्रत्यक्ष काम करायला माणसे कमी पडणार नाहीत. आखाड्यांची परंपरा असलेले हे शहर आहे. वेळा मोजण्याचे काम आम्ही करू. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी काही आता स्वतः शाळांतून शिकवतात. त्यांच्या मुली, आमच्यासारख्या गुडघे धरून चालणाऱ्या बायका आणि डोंगर पाठ असलेली पायथ्याची गावकरी मंडळी, असे तिघांचे गट करून प्रत्येक वाट चढून-उतरून मोजायची. तरण्या पोरांच्या वेगाने लिहिलेली वेळ सगळ्यांच्या कामाची नसते.

आपण हे पत्र छापावे आणि पावागडाच्या वाटा माहीत असलेल्या वाचकांनी फाटे, धोक्याच्या जागा आणि बारमाही पाण्याची ठिकाणे आपल्याकडे लिहून पाठवावीत, असे आवाहन आपल्या वृत्तपत्रानेही करावे, ही विनंती. आलेली माहिती नकाशावर मांडून संबंधितांकडे नेऊन द्यायला मी तयार आहे. पावसाळा सुरू व्हायच्या आत निदान भद्रकाली आणि नवलखा कोठाराकडच्या वाटांवर खांब उभे राहावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त व्यायामशिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे