प्रिय बाळ्या, शेरूला डॉक्टरांकडे ने

प्रिय बाळ्या,

काल फोनवर तू सहज म्हणालास की आपला कुत्रा शेरू हल्ली सकाळी लवकर उठत नाही, उठला तरी पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं अंग ओढत उठतो, आणि अण्णा म्हणाले थंडी आहे अन् वय पण झालंय त्याचं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातनं जाईना. रेंजचा घोळ होता, निम्मं तुला ऐकूच आलं नसेल, म्हणून सगळं लिहूनच काढतो. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट म्हणजे 'थंडीमुळे असेल' हे वाक्य घरातून हद्दपार करा. निफाडची थंडी मला माहिती आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, पारा ५-६ वर गेला की बागांमधे शेकोट्या पेटतात. पण लॅब्रॅडॉर हे मुळात जाड कातडीचं, दाट केसांचं कुत्रं, त्याला नुसत्या थंडीने उठता येत नाही असं होत नाही. त्याच्या सांध्यांचं दुखणं आधीपासूनच असणार, उन्हाळ्यात ते खपून जातं आणि थंडीत सांधे आखडले की दिसायला लागतं. तू सांगितलंस ना की दहा पंधरा मिनिटं चालला की मोकळा होतो? आर्थ्रायटिसचं हे अगदी ठरलेलं लक्षण आहे. गाडीत उडी न मारणं, ओट्यावर न चढणं, एकाच सांध्याला चाटत बसणं, कोणी कमरेला हात लावला की गुरगुरणं, हे पण त्यातलंच. कुत्रं दुखतंय म्हणून ओरडत नाही रे, ते फक्त एकेक गोष्ट करायचं सोडून देतं, आणि आपण म्हणतो शांत झालाय आता.

आमची कुत्री राणी अशीच होती. आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला आधी नुसतं चालवून बघितलं, मग टेबलावर न घेता खाली फरशीवरच बसून तिचे मागचे पाय हळूहळू मागे ताणून बघितले, तिने मान वळवून बघितलं त्या जागी थांबल्या, एक्सरे काढला आणि गोळी द्यायच्या आधी रक्त तपासायला पाठवलं. हे रक्ताचं लक्षात ठेव. वेदनेची औषधं किडनी आणि लिव्हरवर ताण देतात, म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी आधीच थकलेली असली तर डोस बदलावा लागतो नाहीतर औषधच बदलावं लागतं. राणीला वजनाप्रमाणे मेलोक्सिकॅम सुरू झालं, जेवणानंतरच द्यायचं, आणि वजन उतरवायला सांगितलं. त्या हिवाळ्यात ती परत टेकडीवर यायला लागली. म्हणून म्हणतो, वय झालंय म्हणून सोडून देऊ नका, दुखण्यावर औषध आहे.

आणि बाळ्या, अण्णांच्या गुडघ्याची गोळी अर्धी करून द्यायची नाही म्हणजे नाही. आपल्या घरातल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, रक्ताच्या उलट्या होतात, किडनी जाते. डायक्लोफिनॅकचं जनावरांसाठीचं औषध तर आपल्याकडे २००६ मधेच बंद केलंय, ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली म्हणून, आणि त्या जागी गिधाडांना चालणारं म्हणून मेलोक्सिकॅमच पुढे आणलं. अण्णांना हे सांग, त्यांनी लहानपणी गिधाडं बघितली असतील, त्यांना लगेच पटेल.

गोट्या बोक्याचं तर याहून कडक. मांजराला क्रोसिन, डोलो, कुठलंही पॅरासिटामॉल म्हणजे विष. ते पचवायची सोय मांजराच्या लिव्हरमधे नाही, रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं बंद करतं, हिरड्या निळ्या तपकिरी पडतात, अर्ध्या गोळीने जीव जाऊ शकतो. वहिनी म्हणत होत्या तो शिंकतोय तर छातीला विक्स चोळू का. नको! त्यातलं कापूर आणि निलगिरी तो चाटून पोटात घेणार, मांजराला ते पण सोसत नाही. सर्दी असेल तर बाथरूममधे गरम पाण्याचा नळ सोडून दार लावायचं आणि त्याला मांडीवर घेऊन दहा मिनिटं वाफेत बसायचं, डोळे नाक कोमट पाण्याच्या कापसाने पुसायचं. नाक बंद असलं की मांजराला वास येत नाही आणि वास नाही आला की ते खात नाही, म्हणून जेवण थोडं कोमट करून, मासळीचा वास येईल असं काहीतरी द्यायचं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, जाड मांजर उपाशी राहिलं की लिव्हरमधे चरबी साठते आणि मग ते प्रकरण वाढतं. त्याची वर्षाची ट्रायकॅट लस राहिली असेल तर बरा झाल्यावर देऊन टाका, त्यात मांजराच्या सर्दीचे दोन्ही मोठे व्हायरस येतात.

पण गोट्याच्या बाबतीत मला सर्दीपेक्षा जास्त काळजी लघवीची आहे. थंडीत मांजरं पाणी कमी पितात, दिवसभर उबेत पडून राहतात, लघवी घट्ट होते, खडे धरतात, आणि बोक्याची नळी मुळात बारीक असल्यामुळे ती तुंबते. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय. तो मातीत परत परत जाऊन बसेल, कुंथेल, ओरडेल, खाली चाटत राहील आणि येणार काहीच नाही किंवा थेंब दोन थेंब. असं दिसलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची, कारण २४ ते ४८ तासांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. वेळेत गेलं तर डॉक्टर नळी घालून मोकळं करतात आणि बोका वाचतो. मी हे डोळ्यासमोर दोन्ही तऱ्हेने झालेलं बघितलंय म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. घरात तीन चार ठिकाणी पाण्याची भांडी ठेव, जेवणाजवळ नको, थोडी लांब, पाणी कोमट केलंस तर अजून चांगलं, आणि नुसत्या कोरड्या दाण्यांवर त्याला ठेवू नकोस, ओलं काहीतरी रोज जाऊदे पोटात. आणि हो, सकाळी पिकअप किंवा ट्रॅक्टर चालू करायच्या आधी बोनेटवर दोन थापा मार, मांजरं गरम इंजिनात शिरून झोपतात.

आता चिमीने उचलून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. दिवाळीनंतर गल्लोगल्ली पिल्लं झालेली असतात, आणि डिस्टेंपर, पार्व्हो हे कुत्र्यांचे जीवघेणे रोग नेमके याच दिवसांत फिरतात, त्यामुळे लस होईपर्यंत त्याला शेरूपासून वेगळं ठेवा, आणि शेरूचा बूस्टर कधी झाला ते पण कार्ड काढून बघ. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग तीन चार आठवड्यांनी पुढची, असं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर. मधली एक चुकवली तर चालतं असं कोणी सांगेल, चालत नाही. डोळ्यानाकातून पिवळा चिकट स्राव आणि ताप दिसला तर त्याला सर्दी समजू नका, डिस्टेंपर तसाच सुरू होतो आणि नंतर जबडा, पाय उडायला लागतात, त्या व्हायरसवर औषध नाही. पहाटे पिल्लू गार पडलेलं सापडलं तर आधी दूध पाजू नका, गार अंगात पचन बंद असतं. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाजूला ठेवून, छातीशी धरून आधी ऊब द्या, हालचाल करायला लागलं की मग खाणं.

तुला एक काम शिकवतो, चिमीला पण येईल. डिजिटल थर्मामीटर घे, जनावरांसाठी वेगळा ठेव, टोकाला व्हॅसलिन लाव, एकाने डोकं धरून लाड करायचे, दुसऱ्याने शेपूट उचलून गुदद्वारातून हळूच इंचभर आत, बीप होईपर्यंत धरायचं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे नॉर्मल, आपल्यापेक्षा जास्तच असतं. नाक गरम, नाक कोरडं यावरनं काही कळत नाही. मग वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबून सोड, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. शेरूची हिरडी आता निरोगी असतानाच बघून ठेव, म्हणजे फिकट झाली तर कळेल. आणि फिकट हिरडी, ताप, न जेवणं, नाकातून रक्त हे दिसलं तर गोचीड ताप आठव. थंडीत गोचीड नसतात असं सगळे म्हणतात, पण आपल्या हवेत ते घराच्या भिंतींच्या फटीत वर्षभर जगतात, त्यामुळे औषध हिवाळ्यात पण चालू. फक्त कुत्र्याचं मानेवर सोडायचं औषध गोट्याला लावू नका, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, मांजराला त्याने झटके येतात.

तुमच्याकडे अजून एक धोका, जो पुण्यात कोणाला सांगावा लागत नाही. द्राक्षं! काढणी सुरू झाली की बागेत खाली मणी पडलेले, आणि लॅब म्हणजे समोर येईल ते खाणार. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्यांची किडनी बंद पडते, त्यातल्या टार्टारिक ॲसिडमुळे असं आता मानतात, कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. वहिनींच्या डिंकाच्या लाडवात पण बेदाणे असतात, तेव्हा शेरूला लाडू बंद. खाल्लेच तर घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, मिठाने वेगळाच घोटाळा होतो, लगेच डॉक्टरांना फोन करून निघायचं, तासा दोन तासांत उलटी करवली तर बरंच बाहेर येतं. बागेत फवारणी झाली असेल त्या दिवशी त्याला दोरीच लावा.

शेरूच्या झोपायची सोय साधी. शहाबादी फरशीवर त्याला झोपू देऊ नका, खाली बारदान त्यावर अण्णांची जुनी घोंगडी, वाऱ्याच्या तोंडाला नाही असा कोपरा, आणि चालायच्या वाटेवर पायपुसणी टाका म्हणजे पाय घसरणार नाहीत. बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणासाठीच नको, ना माणसांसाठी ना जनावरांसाठी, धूर दिसत नसला तरी गॅस होतो. आंघोळ उन्हं वर आल्यावर, कोमट पाण्याने, कधीतरीच, आणि मुळापर्यंत कोरडा करायचा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लसी होतील, तिथले डॉक्टर गाई म्हशींमधे अडकलेले असतात तरी सकाळी लवकर गेलास तर वेळ देतात. एक्सरे आणि रक्तासाठी मात्र नाशिकलाच जा, रविवारपर्यंत थांबू नकोस, या आठवड्यात एक दिवस काढच. जाताना शेरू सकाळी उठतो तेव्हाचा मोबाईलवर व्हिडीओ काढून ने, कारण दवाखान्यात घाबरून ती जनावरं ताठ उभी राहतात आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. त्याचं वजन, किती पाणी पितो, कुठल्या गोळ्या आधी दिल्या, सगळं कागदावर लिहून ने.

रिपोर्ट आले की फोटो पाठव, मी इथे मॅडमना पण दाखवतो. पैशाची अडचण असेल तर सरळ सांग, संकोच करू नकोस, शेरू माझा पण आहे. वहिनींना नमस्कार, अण्णांच्या पाया पडतो, चिमीला सांग पिल्लाचं नाव ठरलं की आधी मला कळवायचं.

तुझा,
संज्या