दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

नौपाडा, ठाणे

चि. निनादास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलेला होतास, म्हणून फार बोलले नाही. एकशे दोन ताप, खोलीत एकटा, आणि शेजारच्या खोलीतल्या मुलानं साधं पाणीही विचारलं नाही. "यांच्यात मैत्री म्हणून काही नसतंच," म्हणालास. ते मला पटलेलं नाही. पण आधी सांग, तुझी दुसरी किल्ली कुणाकडे आहे? जर्मनीतल्या दारांना बाहेरून बहुतेक वेळा नुसती न फिरणारी मूठ असते. दार लागलं की किल्लीशिवाय उघडत नाही. चक्कर येऊन पडलास तर... असो.

बंद दार म्हणजे तिथे "मला एकट्याला राहू द्या". ते न विचारता ठोठावणं हा आगाऊपणा. त्या मुलानं तुला टाळलं नाही, त्याच्या हिशेबानं तुझा मान राखला. आपल्या साने काकू पेज घेऊन येतात, वर पंखाही बंद करून जातात. ती पद्धत तिथे नाही. तिथे मदत मागावी लागते आणि नेमकी मागावी लागते. "मला बरं नाहीये" ही त्यांच्या लेखी नुसती माहिती. "संध्याकाळी सहाच्या आत औषधाच्या दुकानातून पॅरासिटामॉल आणशील का? पैसे लगेच पाठवतो," ही विनंती. काय हवं, कधी हवं, पैसे कोण देणार, हे कळलं की नाही म्हणणारे थोडेच. मात्र ही गोळी तिथे किराणा दुकानात मिळत नाही आणि रविवारी जवळजवळ सगळं बंद. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय २० गोळ्यांचं पाकीट देतात, ते आत्ताच आणून ठेव. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

आणि मावशीकडून रोहनच्या अमेरिकेतल्या, ऑस्टिनच्या गोतावळ्याचं ऐकून तुलना करत बसू नकोस. कुर्ट लेविन नावाचा मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. १९३६ च्या एका लेखात त्यानं दोन्हीकडच्या माणसांविषयी लिहिलंय. अमेरिकन माणूस पहिल्या भेटीत मोकळा, पण अगदी आतलं तो सहज दाखवत नाही. जर्मन माणूस सुरुवातीलाच अडवतो, पण एकदा आत घेतलं की बरंच आत घेतो. निरीक्षण जुनं आहे, सरसकट कुणालाच लावू नये. तरी माझ्या क्लासमधून तिकडे गेलेली मुलं वर्षभरानं जे सांगतात, ते याच्याशी बरंच जुळतं.

तुमचं बिनसतं कुठे, तेही सांगते. "बघू, जमलं तर येतो." आपल्याकडे हा सभ्य नकार असतो, समोरच्यालाही कळतं. तिथे कुणी दोन आठवडे आधी जेवायला बोलावलं आणि तू असं म्हणालास, तर तो तुझं ताट मांडतो. तू गेला नाहीस तर तो भांडणार नाही, पुन्हा बोलावणार नाही, एवढंच. तेव्हा स्पष्ट हो किंवा स्पष्ट नाही. हो म्हणालास तर सातला सात, फार तर सात-दहा. हॉटेलात ज्याचं त्यानं द्यायचं. "तुला माझ्याकडून" असं कुणी मुद्दाम म्हटलं तरच तो देणार. साडेतीन युरो मागितले म्हणून तुला राग आला ना? अरे, हिशेब चुकता असला की मनात काही राहत नाही, असं त्यांना वाटतं. मला स्वतःला हे अजूनही रुक्षच वाटतं, पण त्यात तुझा अपमान नाही. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, अपशकुन मानतात.

लेक्चर झालं. माफ कर, सवयच आहे.

दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर तुम्ही सगळे काही न ठरवता भेटायचात. नवा कुर्ता, त्यावर मिसळीचा रस्सा सांडलेला, आणि मागोमाग पाच जण आमच्याच घरी फराळाला. बाबा म्हणायचे, याला मित्र जमवावे लागत नाहीत, चिकटतात. तुला कधी हे शिकवावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

तिथे मैत्री ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी वाढते. विद्यापीठाच्या खेळांची नोंदणी सत्राच्या सुरुवातीला होते आणि चांगले वर्ग पटापट भरतात; नोंदणी सुरू होते त्या मिनिटाला लॅपटॉप उघडून बस. नाही मिळालं तर गावातला क्लब बघ. सात माणसं जमली की तिथे संस्थेची नोंदणी करता येते, त्यामुळे टेबल टेनिसपासून गायनापर्यंत सगळ्याचे क्लब असतात. बऱ्याच ठिकाणी एक-दोनदा फुकट खेळून बघता येतं. दर मंगळवारी तीच माणसं भेटली पाहिजेत, मध्येच दांडी नको. पुढे कुणी घर बदलताना "खोकी उचलायला येशील का" असं विचारलं, तर हातातलं सोडून जा. ते प्रत्येकाला विचारत नाहीत. अशा माणसाकडे किल्ली ठेवायला हरकत नाही.

तोवर मात्र त्या शेजारच्या मुलालाच विचार. पाकिटात घालून, वर तुझं नाव आणि आमचा नंबर लिहून दे. हरवू नकोस, पुष्कळ इमारतींत एक किल्ली हरवली तर अनेक कुलुपं बदलायचा खर्च मागतात. रागावू नकोस, हे तिसऱ्यांदा लिहिलं ते मला कळतंय. बाबा विचारत नाहीत, पण रोज तिथलं तापमान बघतात.

घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातील, मग आपल्यात साडेचार तासांचं अंतर. आपल्या नऊला फोन करत जा. तुझ्या रात्री दहानंतर स्पीकरवर बोलू नकोस, शेजाऱ्यांची झोपेची वेळ असते.

आजीला तुपातले लाडू पाठवायचे होते, पण दुधातुपाचं टपालानं तिकडे जाऊ देत नाहीत. तेलातली चकली पाठवतेय, दोन डबे. पंचेचाळीस युरोच्या आतली भेट असल्यामुळे कर लागू नये. एक डबा स्वयंपाकघरात ठेव आणि त्यावर "सगळ्यांसाठी" अशी चिठ्ठी चिकटव. नाहीतर महिनाभर कुणी हात लावणार नाही आणि तू पुन्हा म्हणशील, यांना आपलं काही आवडत नाही.

तुझी
आई