पेशी मेल्यावर पुढे काय होते?

संपादक महोदय,

पेशींच्या नियोजित मृत्यूवरचे मराठी लेख बहुतेक वेळा त्या संशोधनाला मिळालेले २००२ चे नोबेल आणि ‘सेड-३’ हे मारक जनुक एवढ्यावर थांबतात. मेलेली पेशी उचलली कशी जाते, हा भाग राहून जातो. आमच्या मते खरी गंमत तिथेच आहे.

हे संशोधन ज्याच्यावर झाले तो सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० कायिक (जननपेशी सोडून शरीराच्या इतर) पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ ठरल्या वेळी मरतात. प्रेते खाणाऱ्या खास पेशी त्याच्याकडे नाहीत. शेजारचीच पेशी मेलेलीला वेढून गिळते. हे काम जनुकांच्या दोन फळ्या करतात: एकीत सेड-१, सेड-६, सेड-७, दुसरीत सेड-२, सेड-५, सेड-१२. दोन्ही फळ्यांतले एकेक जनुक एकदम बिघडवले की न उचललेली प्रेते आणखी वाढतात. एकाच फळीतली दोन बिघडवून तशी वाढत नाहीत. फळ्या समांतर आहेत हे त्यावरूनच कळले.

दुसरी फळी बिघडली की जननग्रंथीही वाकडी होते. तिच्या टोकाची पेशी एरवी पोटाकडून पुढे सरकते, पाठीकडे वळते आणि शरीराच्या मध्याकडे परतते. सेड-५ नसेल तर ती भलतीकडे वळते. सेड-१ नसताना मात्र तिची वाट चुकत नाही. कारण गिळताना काय किंवा सरकताना काय, पेशीला आपला अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचा सांगाडा पुढे रेटावा लागतो, आणि त्यासाठी ही फळी सेड-१० हे रॅक प्रथिन (त्या सांगाड्याची जणू कळ) चालू करते.

प्रयोगशाळेत हे पाहायचे तर नुकती उबलेली अळी आगरच्या पातळ थरावर, सोडियम अझाइडने निश्चल करून, नोमार्स्की सूक्ष्मदर्शकाखाली (यात पेशी न रंगवताही उठावदार दिसतात) ठेवावी. डोक्यातली प्रेते बटणासारखी गोल, चकचकीत दिसतात. सुजून पोकळ झालेली पेशी मोजू नये. तो वेगळा मृत्यू. अळ्यांची वये मिसळू नयेत, कारण ही जनुके बिघडलेल्या कृमीतही बरीच प्रेते उशिरा नाहीशी होतात. आणि प्रेते जास्त दिसली म्हणून उचल मंदावली असे लगेच म्हणू नये. मरणाऱ्या पेशीच वाढलेल्या असू शकतात. यांतले खरे कोणते हे ठरवायला गर्भ हलू लागण्यापूर्वी, तापमान स्थिर ठेवून, एकेका प्रेताचा टिकण्याचा काळ मोजावा लागतो.

‘आधी मृत्यू, मग सफाई’ हा क्रमही पुरता खरा नाही. सेड-३ अर्धवट निकामी असताना गिळण्याची जनुकेही बिघडवली, तर मरायला निघालेल्या काही पेशी चक्क जगतात. म्हणजे गिळणारी शेजारीण मारायलाही हातभार लावते. पुढच्या लेखांत एवढे तरी यावे, ही विनंती.

— सूत्रकृमींवर काम करणारे काही अध्यापक