फॉरमॅट मारू नकोस, आधी हे वाच

प्रिय मित्रा,

काल तू म्हणालास की लॅपटॉप स्लीपमधून उठवला की हँग होतो आणि रविवारी बसून फॉरमॅटच मारतो, तेव्हापासून माझं लक्ष दुसरीकडे लागत नाहीये. अगदी हेच मी सहा आठवडे सोसलंय आणि त्यातले पाच चुकीच्या जागी शोधण्यात गेले. तुझे पाच आठवडे तसे जाऊ नयेत म्हणून फोन न करता लिहूनच पाठवतोय, समोर ठेवून करता येईल.

आधी माझ्याकडे काय व्हायचं ते सांगतो, तुझ्याशी जुळतं का बघ. झाकण उघडलं की लॉक स्क्रीन यायची, पासवर्ड घ्यायचा, उघडी फाइल वर-खाली पण व्हायची. पण वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की काहीच उघडायचं नाही, मग ब्राउझर पांढरा पडायचा, मग सेटिंग्ज, मग टास्कबार, असं एकेक करत सगळं थिजायचं आणि शट डाऊन दिलं तर ते गोल नुसतं फिरत राहायचं. हा क्रम नीट बघ रे. जे नेटवर्कला हात लावतं ते आधी अडकत होतं, बाकीचं त्याच्या मागून. स्क्रीन काळीच राहत असेल तर प्रकार वेगळा असू शकतो, तेव्हा कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का ते बघायचं, लागला तर मशीन जिवंत आहे, मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचं, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते हार्डवेअर चालवू देणारा प्रोग्राम, रीसेट होतो. चित्र परत आलं तर संशय ग्राफिक्सवर घ्यायचा.

मी रॅम काढून परत बसवली, रात्रभर मेमरी टेस्ट लावली, एसएसडी तपासली, आणि हो, फॉरमॅटही मारलं. दोन दिवस सुखात गेले, तिसऱ्या दिवशी अपडेटमधून वायफायचा तोच ड्रायव्हर परत येऊन बसला आणि पुन्हा तेच. म्हणून तुला इतकं कळवळून सांगतोय.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज बिघाडांच्या नोंदी दाखवतं तिथे, तुला कर्नल-पॉवर, आयडी ४१ असं लाल रंगात दिसेल. ते वाचून मला वाटलं बॅटरी किंवा चार्जर गेला. पण ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं. तू पॉवरचं बटण दाबून धरून बंद केलंस तरी तेच लिहिलं जातं, मशीन का अडकलं ते त्यात सापडत नाही.

खरं कारण मिळालं ते एकदा मशीन हँग झालेलं तसंच सोडून मी कामाला निघून गेलो तेव्हा. परत आलो तर ते आपोआप रीस्टार्ट झालेलं, आणि नोंद होती ०एक्स९एफ, ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. मी दर वेळी वैतागून बटण दाबायचो म्हणून ही निळी स्क्रीन यायलाच वेळ मिळत नव्हता! होतं काय, की झोपताना विंडोज प्रत्येक ड्रायव्हरला सांगतं, तुझ्या डिव्हाइसची स्थिती जपून ठेव आणि त्याची पॉवर कमी कर. उठताना उलटं, डिव्हाइसला जागं कर आणि झालं की कळव. माझा नेटवर्कचा ड्रायव्हर कार्डाच्या उत्तराची वाट बघत बसायचा, 'झालं' कधी म्हणायचाच नाही, आणि त्याच्या मागे रांग लागायची. विंडोज बराच वेळ थांबतं आणि शेवटी हात टेकतं, तेच हे ०एक्स९एफ.

त्या वेळची डंप फाइल, म्हणजे कोसळताना मेमरीत काय होतं त्याची नोंद, विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाच्या फोल्डरात पडते. ती विनडीबीजीत उघडायची, ते मायक्रोसॉफ्टचं डंप वाचायचं साधन आहे, फुकट मिळतं. एक सांभाळ, पहिल्या अहवालात बऱ्याचदा पीसीआय (कार्डं जोडायची वाट) नाहीतर कर्नलचं (विंडोजच्या गाभ्याचं) नाव येतं आणि माणूस मदरबोर्डवर संशय घेतो, मीही घेतला होता. ०एक्स९एफसोबत चार आकडे, म्हणजे पॅरामीटर, येतात, त्यातला पहिला पॅरामीटर ३ असेल तर चौथ्यात अडकलेल्या रिक्वेस्टचा पत्ता असतो, तो उघडून बघितलं की रिक्वेस्ट नेमकी कोणाकडे अडकलीय ते कळतं. जमलं नाही तर ती फाइल मला पाठव, मी बघतो.

डंप मिळाली नाही तरी एक साधी चाचणी आहे आणि माझा तिच्यावरच जास्त भरवसा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं कार्ड डिसेबल कर, मग स्लीपला टाक. उठल्यावर नीट चाललं तर परत एनेबल करून बघ, हँग झालं तर चोर हातात आला. हे दोन्हीकडून तीन-चारदा कर, आणि एका मिनिटाची झोप धरू नकोस, माझ्याकडे एका मिनिटानंतर सगळं छान उठायचं आणि तासाभराने अडकायचं, त्यामुळे दोनदा मी उगाच 'सुटलं' म्हणून बसलो. मधे दुसरं काहीही बदलायचं नाही. आणि शट डाऊन करून चालू करणं म्हणजे कोरी सुरुवात असं समजू नकोस, विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप असतं, त्यात कर्नल आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवतात आणि तीच परत आणतात. खरी कोरी सुरुवात हवी तर रीस्टार्ट दे.

आता उपाय. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून तुझ्या मॉडेलचा जुना ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेव, कारण कार्ड काढलं की नेटच जातं, मी यात एक संध्याकाळ घालवलीय. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं, करून बघ. ते बटण फिकं असेल तर आधीची प्रत मशीनवर नाही, मग अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत टिक कर, रीस्टार्ट, आणि पेन ड्राइव्हवरचा घाल. पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू देण्याची टिक काढली की काहींचं भागतं, पण नव्या लॅपटॉपवर तो टॅब बऱ्याचदा दिसतच नाही, नाही दिसला तर शोधत बसू नकोस.

आणि तू मागे ते व्हीपीएन टाकलं होतंस ना, ते काढलंस तरी त्याचं आभासी कार्ड मागे राहिलेलं असू शकतं. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये लपलेली डिव्हाइस दाखव म्हण आणि बघ. नेटवर्कच्या रस्त्यात बसलेला असा कुठलाही ड्रायव्हर हेच दुखणं देऊ शकतो.

माझं जुन्या ड्रायव्हरवर सुटलं, चार महिने झाले, एकदाही अडकला नाही. तुझं होईपर्यंत झाकण लावायच्या आधी फाइल सेव्ह कर, तुझं ते एवढं लिखाण आहे त्यात, आणि कार्ड डिसेबल करूनच झोपव. रविवारी चाचणी झाली की डिसेबल असताना काय झालं आणि एनेबल असताना काय झालं ते कळव, सोबत ड्रायव्हरची तारीख आणि व्हर्जन पण लिही. मी जागा आहे, कितीही वाजता फोन कर.

तुझाच