एल्टन जॉन गीतकार नाहीत

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत एल्टन जॉनवर अर्धं पान आलं होतं. फोटो छान, लिहिणाऱ्याला त्यांच्या गाण्यांचं प्रेम आहे हेही कळत होतं, मी अगदी आवडीने वाचायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला अडखळले. 'जगप्रसिद्ध गीतकार-गायक एल्टन जॉन' असं छापलंय. गायक, कबूल. पियानो तर काय वाजवतात! पण गीतकार? त्यांच्या बहुतेक सगळ्या गाजलेल्या गाण्यांचे शब्द बर्नी टॉपिन यांनी लिहिलेत आणि त्या आख्ख्या अर्ध्या पानात हे नाव एकदाही नाही. 'लायन किंग'मधल्या गाण्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं असंही त्यात आहे, ते बरोबरच आहे, फक्त त्या गाण्याचे शब्द टिम राइस यांचे होते आणि ते ऑस्कर दोघांचं होतं, तेही राहून गेलं.

हे कसं झालं असेल त्याचा मला अंदाज आहे. मूळ इंग्रजी मजकुरात 'सिंगर-साँगरायटर' असणार. साँग म्हणजे गीत, रायटर म्हणजे लिहिणारा, की झाला गीतकार. भाषांतर दिसायला सरळ आहे पण अर्थ पार बदलतो. इंग्रजीत साँगरायटर म्हणजे गाणं रचणारा, म्हणजे त्यात चालही आली आणि शब्दही आले, कोणी दोन्ही करतो, कोणी दोन्हीतलं एकच करतो आणि तरी त्याला साँगरायटरच म्हणतात. त्यातला नुसते शब्द लिहिणारा तो लिरिसिस्ट, चाल बांधणारा तो कंपोजर. आपला गीतकार म्हणजे लिरिसिस्ट, आपला संगीतकार म्हणजे कंपोजर, आणि साँगरायटरला आपल्याकडे एक असा शब्दच नाही कारण आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा दोन माणसं मिळून करत आलीयेत. शाहीर हा शब्द थोडा जवळ जातो, स्वतः कवन रचायचं आणि स्वतःच डफ घेऊन उभं राहायचं. पण तिथेही होनाजी बाळा हे एकाच माणसाचं नाव आहे असं कितीतरी जणांना वाटतं. ते दोघे होते, होनाजी कवनं रचायचे आणि बाळा गायचे, आणि त्या काळच्या लोकांनी दोघांची नावं जोडूनच लक्षात ठेवली. मला याचं फार कौतुक वाटतं.

एल्टन आणि बर्नी यांची गोष्टच सांगते, कारण फरक समजायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. १९६७ साली एका रेकॉर्ड कंपनीने एका संगीत साप्ताहिकात नवीन माणसं हवीत अशी जाहिरात दिली, त्याला दोघांनी वेगवेगळं उत्तर पाठवलं. एकाला चाली सुचायच्या पण शब्द जमायचे नाहीत, दुसरा कविता लिहायचा पण त्याला संगीत येत नव्हतं. एक वीस वर्षांचा, एक सतरा. कंपनीने एल्टनच्या हातात बर्नीच्या कवितांचं पाकीट दिलं आणि तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे. पद्धत अशी की बर्नी आधी शब्द लिहून देणार, मग एल्टन ते कागद समोर ठेवून पियानोवर बसणार. २०२० साली दोघांना मिळून ऑस्कर मिळालं तेव्हा स्टेजवर दोघं एकत्र उभे होते.

आता त्यांचंच 'कँडल इन द विंड' घ्या. १९७३ साली ते मेरिलिन मन्रोवर लिहिलं होतं. १९९७ मध्ये राजकन्या डायना गेली तेव्हा तिच्या अंत्यसंस्कारात एल्टन जॉननी तेच गाणं गायलं, पण चाल तीच आणि शब्द नवे, आणि ते नवे शब्दही बर्नींनीच लिहून दिले. म्हणजे गाण्याचे शब्द आणि गाण्याची चाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक जागेवर ठेवून दुसरी बदलता येते. उलटंही होतं. एकाच अभंगाला किती वेगवेगळ्या चाली ऐकतो आपण, शब्द तेच असतात आणि चाल बदलली की ऐकणाऱ्याची सगळी मनःस्थिती बदलते.

मी स्वतः गेली अनेक वर्षं हौसेने चाली लावते आणि माझी एक मैत्रीण शब्द लिहिते, त्यामुळे हे दोन्ही कष्ट जवळून बघितलेत. शब्द आधी असतील तर सगळी परीक्षा माझी. कवितेत वाचताना जे सुंदर वाटतं ते गळ्यात बसेलच असं नाही, ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबवला की शब्दाचा अर्थच बिघडतो, वाक्य मध्येच तुटलं तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही, मग मुखडा कुठला, परत कुठे यायचं, सम कुठल्या शब्दावर पडली तर तो शब्द उजळेल, अंतऱ्यात चाल वर न्यायची की नाही, हे सगळं ठरवता ठरवता कधी एका कवितेला तीन महिने लागतात. आणि चाल आधी असेल तर मग परीक्षा तिची. मी नुसतं 'ना ना ना' करून किंवा तोंडाला येतील ते डमी शब्द टाकून तिला रेकॉर्डिंग पाठवते, आणि तिला त्या मीटरमध्ये नेमकी तेवढीच अक्षरं बसवायची असतात, जिथे सूर लांब ओढलाय तिथे 'आ' किंवा 'ओ' असा मोकळा स्वर आणायचा, तिथे जोडाक्षर आलं तर गाणाऱ्याचा सूर अडकतो, आणि हे सगळं करून त्यात काहीतरी म्हणायचंही असतं. लोक म्हणतात त्यात काय, चालीवर शब्द टाकायचे. टाकून बघा एकदा.

मोठ्या मोठ्या लोकांचंही हेच आहे. 'यस्टरडे' या बीटल्सच्या गाण्याची चाल पॉल मॅकार्टनींना झोपेत सुचली आणि शब्द नव्हते म्हणून बराच काळ ते त्यावर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असं काहीतरी म्हणत होते, खरे शब्द नंतर आले. (आणि ते गाणं त्यांनी एकट्याने केलेलं असूनही नाव मात्र लेनन-मॅकार्टनी असं दोघांचं लागतं, कारण दोघांचं तसं ठरलेलं होतं.) रिचर्ड रॉजर्स नावाचे अमेरिकन संगीतकार होते, त्यांनी लॉरेन्झ हार्ट या गीतकाराबरोबर काम केलं तेव्हा आधी चाल व्हायची आणि मग शब्द, पुढे ऑस्कर हॅमरस्टाइनबरोबर काम केलं तेव्हा बहुतेक वेळा आधी शब्द आणि मग चाल. संगीतकार तोच, पण गीतकार बदलल्यावर कामाची पद्धत उलटी झाली आणि गाण्यांचा स्वभावही बदलला. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या वर 'चाल' म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी गाण्याची ओळ छापलेली असायची ती याचसाठी, नाटककाराने कुठल्या चालीवर शब्द रचलेत ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून. शंभर वर्षांपूर्वी नाटकाच्या पुस्तकाला जमत होतं ते आज आपल्याला का जमू नये?

अजून एक घोळ होतो तो कवी आणि गीतकार यांच्यात. जर्मन संगीतकार बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेत, शेवटी जे गातात ती शिलरची कविता आहे, १७८५ ची. सिंफनी पहिल्यांदा वाजली १८२४ साली, शिलर जाऊन १९ वर्षं झाली होती. म्हणून शिलर त्या सिंफनीचे गीतकार नव्हेत, ते कवी. गीतकार तो, जो गाण्यासाठी म्हणून लिहितो. यात कोणी कमी कोणी जास्त असं अजिबात नाही, कामं वेगळी आहेत इतकंच. आणि एकटाच माणूस शब्द आणि चाल दोन्ही रचतो तेव्हा तेही स्पष्ट लिहायला हवं. रवींद्रनाथांनी दोन हजारांवर गाणी लिहिली आणि त्यांच्या चालीही बहुतेक त्यांच्याच. बॉब डिलन यांना २०१६ चं साहित्याचं नोबेल मिळालं, त्यांना नुसतं गीतकार म्हटलं तर त्यांचं निम्मं काम आपण पुसून टाकतो. म्हणजे एल्टन जॉनना हा शब्द जास्तीचा होतो आणि डिलनना अपुरा पडतो, आणि दोन्हीकडे मूळ इंग्रजी शब्द एकच असतो, साँगरायटर. म्हणून म्हणते डोळे मिटून भाषांतर करू नका.

हा नुसता शब्दांचा कीस नाही हो. पैसे आणि हक्क यावरच चालतात. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्जे यांनी आपलीच गाणी तिथे वाजताना ऐकली आणि बिल द्यायला नकार दिला, तुम्ही माझं गाणं फुकट वापरता तर मीही पैसे देणार नाही. ते प्रकरण कोर्टात गेलं, ते जिंकले आणि १८५१ मध्ये तिथे गाण्यांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी जी संस्था उभी राहिली तिच्या नावातच लेखक, संगीतकार आणि प्रकाशक असे तीन वेगळे शब्द आहेत. अमेरिकेतल्या १९१४ च्या तशाच संस्थेच्या नावातही तेच तीन. आपला कॉपीराइट कायदाही संगीतरचनेच्या व्याख्येत गायचे शब्द धरत नाही, शब्द ही वेगळी साहित्यकृती. आणि त्याच कायद्यात संगीतकार कोण, तर जो संगीत रचतो तो, मग त्याने नोटेशन लिहिलेलं असो वा नसो. मला नोटेशन लिहिता येत नाही, त्यामुळे ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण व्यवहारात काय होतं? मोबाइलवरच्या ॲपमध्ये क्रेडिट उघडलं की अनेकदा 'रिटन बाय' खाली सगळी नावं एकत्र, शब्द कोणाचे चाल कोणाची काही कळत नाही. आणि ॲप राहू दे, आपण तरी काय करतो, गाणं गायकाच्या नावावर टाकून मोकळे होतो. 'इंद्रायणी काठी' घ्या, सगळे म्हणतात भीमसेनजींचं. शब्द कोणाचे विचारलं तर निम्मे लोक कुठल्या तरी संतांचं नाव घेतात. ते लिहिलं गदिमांनी, १९५३ च्या 'गुळाचा गणपती' सिनेमासाठी, आणि संगीत पुलंचं. भीमसेनजींच्या आवाजाशिवाय ते गाणं मनात येऊच शकत नाही हे मान्य, पण मग बाकी दोघांची नावं घ्यायला असा किती वेळ लागतो?

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या कार्यक्रमात आमचं एक गाणं झालं. निवेदकाने माझ्याकडे हात करून 'या गाण्याच्या गीतकार' म्हणून माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या, आणि जिने एकेक शब्द चार चार वेळा बदलून लिहिला होता ती तिसऱ्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. मी स्टेजवरून काही बोलले नाही, गडबडीत राहूनच गेलं. कार्यक्रमानंतर ती म्हणाली जाऊ दे गं, चालतं. मला अजूनही ते चालत नाही. म्हणूनच कदाचित तुमचं ते अर्धं पान मला इतकं लागलं.

तर विनंती एवढीच आहे. गाण्याविषयी काही छापाल तेव्हा रेडिओवर निवेदक सांगायचे तसं गीत कोणाचं, संगीत कोणाचं, स्वर कोणाचा असं तीन नावांनी छापा, फार तर अर्धी ओळ जाईल. दोन्ही एकाच माणसाने केलं असेल तर 'गीत-संगीत' लिहा. सरळ 'साँगरायटर' असं देवनागरीत लिहिलंत तरी चालेल, वाचकाला कळतं. वाद्यमेळ दुसऱ्या कोणी बांधला असेल तर संगीत संयोजक म्हणून त्याचंही नाव द्या, त्या लोकांना तर कोणीच विचारत नाही.

आणि येत्या रविवारी त्याच पुरवणीत एक दुरुस्ती नक्की छापा: 'एल्टन जॉन हे संगीतकार आणि गायक आहेत, त्यांच्या बहुतेक गाण्यांचे गीतकार बर्नी टॉपिन.'

आपली नियमित वाचक