डॉ. पामेला स्क्लार यांस: तुम्ही मोकळ्या ठेवलेल्या आकड्यांसाठी

आदरणीय डॉ. स्क्लार,
सादर नमस्कार.

२० नोव्हेंबर २०१७ ला तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी ते तुमच्याच नावे आणि उघडपणे लिहीत आहोत. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्या जनुकीय डेटावर काम करणारे आम्ही लोक रोज जी साधनं वापरतो, त्यांतल्या अनेकांवर तुमचा हात फिरलेला आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना ती साधनं भेटतात, त्यांच्यामागचं नाव सहसा भेटत नाही.

सेंट जॉन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकून तुम्ही जॉन्स हॉपकिन्सला सॉलोमन स्नायडर यांच्याकडे गंधसंवेदनेवर काम केलंत. गंधाचे रेणू घ्राणपेशींतल्या अ‍ॅडिनायलेट सायक्लेज या एन्झाइमला चालना देतात, हे दाखवणारा तुमचा १९८६ चा लेख आजही वाचावा असा आहे. फळं, फुलं, पुदिना यांसारख्या बहुतेक वासांनी एन्झाइम जागं होतं. कुजका वास आणि सॉल्व्हंट यांनी होत नाही. न लागलेले वासही त्यात लागलेल्यांच्या बरोबरीने नोंदवले आहेत. पुढच्या तीस वर्षांत विषय पार बदलला, ही सवय मात्र बदलली नाही. आमचे आभार मुख्यतः तिच्यासाठी आहेत.

२००२ चा लेख घ्या. बायपोलरच्या १३६ कुटुंबत्रिकुटांत, म्हणजे रुग्ण आणि त्याचे आईवडील अशा गटांत, ७६ जनुकांतल्या ९० जागा (डीएनएमध्ये माणसागणिक फरक असणारी ठिकाणं) तपासल्या गेल्या. हाती लागलं एकाच जनुकाचं नाव, बीडीएनएफ. शीर्षकात तुम्ही ‘संभाव्य’ हा शब्द ठेवलात. त्या काळी दोनशे रुग्णांवर एक जनुक तपासून ‘सापडलं’ म्हणायची पद्धत जोरात होती, आणि त्यातलं बहुतेक पुढे टिकलं नाही. तुमच्या लेखात किती जनुकं पाहिली हा भाजक स्पष्ट होता, म्हणून वाचणाऱ्याला त्या निकालाचं वजन स्वतः करता येत होतं. २०११ मध्ये तुमच्याच पुढाकाराने ७,४८१ बायपोलर रुग्ण आणि ९,२५० कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले आजार नसलेले लोक, एकत्र आले, आणखी ४,४९६ रुग्ण व ४२,४२२ कंट्रोलवर पडताळणी झाली, आणि योगायोग वगळण्यासाठी आखलेल्या रेषेपलीकडे टिकलेली जनुकं निघाली सीएसीएनए१सी आणि ओडीझेड४. बीडीएनएफ त्यात नव्हतं. आपल्याच जुन्या निकालाला इतक्या मोठ्या चाळणीतून जाऊ देणारे संशोधक फार नसतात.

ही चाळणी इतकी मोठी का लागते, याचं गणित नवख्यांसाठी इथेच मांडतो. जीनोमभर साधारण १० लाख स्वतंत्र चाचण्या होतात असं धरतात, एका चाचणीत योगायोगाला दिलेली नेहमीची सूट ०.०५, तिला १० लाखांनी भागलं की ०.०००००००५ ही रेषा येते. मनोविकारांत एका सामान्य जनुकीय फरकाने शक्यतांचं गुणोत्तर (ऑड्स रेशो; १ म्हणजे काहीच परिणाम नाही) १.१ च्या आसपासच हलतं. असा एखादा फरक ३० टक्के वारंवारतेचा असेल आणि नमुन्यात दीड हजार रुग्ण व तितकेच कंट्रोल असतील, तर तो ही रेषा ओलांडण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकीच भरते. तीच शक्यता ८० टक्क्यांवर न्यायची तर सुमारे २१ हजार रुग्ण आणि २१ हजार कंट्रोल हवेत. एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातली ही गोष्टच नव्हे. २००७ मध्ये सुरू झालेल्या सायकिअ‍ॅट्रिक जीनोमिक्स कन्सॉर्शियमच्या उभारणीत तुम्ही का राबलात, ते या दोन आकड्यांतच दिसतं. २०१४ मध्ये ३६,९८९ रुग्ण आणि १,१३,०७५ कंट्रोल जमले आणि स्किझोफ्रेनियाच्या १०८ जागा निघाल्या, त्यांतल्या ८३ नव्या.

पण आमच्या मते तुमच्या नोंदीतलं सर्वांत धाडसी पान २००९ चं आहे. इंटरनॅशनल स्किझोफ्रेनिया कन्सॉर्शियमकडे तेव्हा ३,३२२ रुग्ण आणि ३,५८७ कंट्रोल होते, म्हणजे वरच्या हिशोबाने ठळक जागा सापडायला अपुरेच. शॉन पर्सेल, नाओमी रे आणि इतरांसह तुम्ही रेषेखाली राहिलेल्या एसएनपीही, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक, फेकल्या नाहीत. एकमेकींशी फारशा न जोडलेल्या ७४,०६२ एसएनपी घेतल्या, प्रत्येकीला तिच्या परिणामाइतका भार दिला आणि वेगळ्याच नमुन्यातल्या प्रत्येक माणसासाठी बेरीज केली. पी-मूल्याची (निकाल योगायोगाने येण्याची शक्यता मोजणारा आकडा) अट ढिली करत नेली तसा या बेरजेचा स्कोअर अधिक सांगू लागला. स्किझोफ्रेनियातली सुमारे ३ टक्के तफावत त्यातून समजत होती. बायपोलरच्या रुग्णांतही तो वाढलेला निघाला. हृदयधमनीविकार, क्रोन्स, उच्च रक्तदाब, संधिवात आणि दोन्ही प्रकारचे मधुमेह यांत नाही. इथेही न लागलेले सहा आजार लागलेल्या एकाशेजारी छापलेले आहेत. ते सहा नसते तर ३ टक्क्यांवर आम्ही विश्वास ठेवला नसता.

आज हा पॉलिजेनिक स्कोअर, म्हणजे वरची अनेक जनुकीय फरकांची बेरीज, काढणं दुपारभराचं काम झालं आहे. २००७ च्या प्लिंक या सॉफ्टवेअरच्या लेखातही तुमचं नाव आहे, तेव्हा त्याचेही आभार. दुपारभरात चुकतं काय, हेही सांगायला हवं, कारण आमच्याकडे विचारणा बहुतेक त्याचीच होते.

आधी नमुन्याची सफाई. ज्या एसएनपीचं वाचन २ टक्क्यांहून अधिक लोकांत हुकलं आहे ती काढायची, कंट्रोलमध्ये हार्डी-वाइनबर्ग समतोल (जनुकीय जोड्यांचं अपेक्षित प्रमाण) फार बिघडलेली काढायची, जवळच्या नातलगांच्या जोडीतला एक जण वगळायचा. मग कन्सॉर्शियमच्या फाइलशी, म्हणजे प्रत्येक एसएनपीचा परिणाम सांगणाऱ्या सारांश-आकडेवारीशी, जुळणी. ए-टी आणि सी-जी जोडीच्या एसएनपी डीएनएच्या कोणत्या पट्टीवर वाचल्या ते अक्षरांवरून कळत नाही. वारंवारता ५० टक्क्यांच्या जवळ असेल तर त्या सरळ सोडून द्याव्यात. फाइल जीनोमच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते बघावं, नाहीतर निम्म्या जागा ‘सापडत नाहीत’ आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सर्वांत हमखास चूक म्हणजे शक्यतांचं गुणोत्तर तसंच भार म्हणून वापरणं. त्याचा लॉगरिदम घ्यावाच लागतो. ०.९ आणि १.१ हे दोन्ही धन आकडे आहेत. लॉग न घेता बेरीज केली तर धोका घटवणारी प्रतही धोका वाढवणारी म्हणून मोजली जाते आणि स्कोअर म्हणजे नुसती अ‍ॅलीलची (एकाच जागेच्या पर्यायी रूपांची) मोजदाद उरते. प्रोग्राम मात्र एका शब्दाने तक्रार करत नाही.

पुढे छाटणी. ५०० किलोबेसच्या खिडकीत आर-वर्ग (दोन एसएनपी किती एकत्र वारसाने येतात त्याचं माप) ०.१ च्या वर जोडलेल्या एसएनपींतली सर्वांत ठळक तेवढी ठेवायची. सहाव्या गुणसूत्रावर साधारण २५ ते ३४ मेगाबेस या एमएचसी (प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या) पट्ट्यात जोडणी इतकी लांबवर जाते की तिथली एकच एसएनपी ठेवलेली बरी, नाहीतर एकच संकेत वीसदा मोजला जातो. शेवटी स्कोअर आणि आजार यांचा संबंध मोजणाऱ्या रिग्रेशनमध्ये स्कोअरसोबत पहिले दहा मुख्य घटक (वंशावळीतला फरक टिपणारे आकडे) घालायचे, म्हणजे वंशावळीतला फरक आजाराचा फरक म्हणून मिरवणार नाही. आणि हे सगळं सुरू करण्याआधी एक प्रश्न: आपल्या नमुन्यातले लोक कन्सॉर्शियमच्या नमुन्यातही आहेत का? असतील तर निकाल फुगतो. आपला गट वगळून काढलेली आकडेवारी मागून घ्यावी लागते.

हा स्कोअर निदानासाठी नाही. २०१४ च्या आकडेवारीवर बांधलेलाही लायबिलिटीच्या (आजाराकडे असलेल्या एकूण कलाच्या) मापावर ७ टक्क्यांच्या आसपास तफावत सांगतो. त्याच लेखातला १८ टक्क्यांचा आकडा नॅगेलकर्क या वेगळ्या सांख्यिकी मापाचा आहे. दोन्ही मापं सरमिसळ करून ‘प्रगती’ दाखवणारे तक्ते दिसले की तिथेच थांबावं. शिवाय मूळ नमुने बहुतांशी युरोपीय वंशाचे असल्याने इतरत्र त्याची ताकद घटते, आणि दोन लोकसमूहांचे कच्चे स्कोअर शेजारी ठेवून तुलना करणं तर निव्वळ चूकच.

दुर्मीळ बदलांच्या बाजूचं तुमचं काम कमी लोक वाचतात. २००८ मध्ये ३,३९१ रुग्ण आणि ३,१८१ कंट्रोलमध्ये १०० किलोबेसहून मोठे आणि १ टक्क्याहून विरळ असे गुणसूत्रातले गळलेले किंवा दुप्पट झालेले तुकडे मोजले गेले. रुग्णांत त्यांचं एकूण ओझं १.१५ पट निघालं, आणि गुणसूत्रांवरच्या २२क्यू११.२ या जागेसोबत १५क्यू१३.३ आणि १क्यू२१.१ इथले लोप (गळलेले तुकडे) समोर आले. १.१५ पट हा फार नाजूक आकडा आहे. रुग्णांचं डीएनए एका प्लेटवर आणि कंट्रोलचं दुसऱ्या प्लेटवर चढवलं, तर एवढा फरक नुसत्या रसायनांनीही दिसू शकतो. म्हणून प्लेटवर दोन्ही गट मिसळून ठेवायचे असतात. २०१४ मध्ये स्वीडनच्या २,५३६ रुग्ण आणि २,५४३ कंट्रोलच्या एक्झोममध्येही (डीएनएच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागात) एकच दोषी जनुक सापडलं नाही; विस्कटणारे बदल अनेक जनुकांवर थोडे थोडे पसरलेले होते, चेतासंधीतल्या एआरसी या प्रथिनगटाकडे आणि कॅल्शियम वाहिन्यांकडे झुकलेले. निकालाची मथळ्यासाठी सोय नव्हती, आणि तुम्ही तशी करूनही घेतली नाही.

मेंदूच्या ऊतींवरचं कामही असंच. कॉमनमाइंड कन्सॉर्शियममध्ये तीन मेंदूपेढ्यांमधून स्किझोफ्रेनियाचे २५८ आणि कंट्रोलचे २७९ मेंदू आले, त्यांच्या पुढच्या भागातल्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधला आरएनए, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे हे सांगणारा रेणू, वाचला गेला. मृत्यूनंतर ऊती गोठवेपर्यंत गेलेले तास, आरएनएची प्रत, वय, लिंग, पेढी, वाचनाची तुकडी: प्रत्येक गोष्ट जनुकांची पातळी आजारापेक्षा जास्त हलवू शकते, म्हणून ती आधी हिशोबात धरायची. औषधांचा प्रश्न उरतोच. त्यासाठी हॅलोपेरिडॉल आणि क्लोझापिन ही मनोविकारावरची औषधं दिलेल्या माकडांच्या मेंदूशी तुलना केली गेली. २०१६ च्या लेखात ६९३ जनुकांत फरक मिळाला आणि तो १.३३ पटीहून कुठेच मोठा नव्हता. वीस-पंचवीस मेंदूंवर तिप्पट-चौपट फरक दाखवणाऱ्या जुन्या लेखांकडे आम्ही त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहतो. धोक्याच्या जागांपैकी सुमारे २० टक्के जागी जनुकाची पातळी बदलण्याशी दुवा जुळला. त्यांतल्या पाचच जागी एकेकच जनुक उरलं: फ्युरिन, टीस्नेअर१, सीएनटीएन४, सीएलसीएन३, स्नॅप९१. प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्याला कुठून सुरुवात करावी हे सांगणारी ही यादी आहे, तेव्हा ती पाचांचीच असली तरी मोलाची आहे.

कॉमनमाइंडचा कच्चा डेटा प्रयोग पूर्ण होताच कडीकुलपात गेला नाही. सिनॅप्स या डेटा वाटपाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, संशोधनाचा उद्देश लिहायचा, गोपनीयतेच्या अटींवर संस्थेची सही घ्यायची आणि तो मिळतो. कन्सॉर्शियमची सारांश-आकडेवारी तर थेट उतरवून घेता येते. त्या फाइलमध्ये रेषेपलीकडच्या एसएनपी मूठभर आहेत आणि न लागलेल्या लाखो. स्कोअर बांधताना आम्ही भार घेतो तो मुख्यतः त्या लाखोंचाच. त्या वगळून नुसती ठळक यादी दिली असती तरी नियमाने कुणाची हरकत नव्हती.

त्या पूर्ण फाइलसाठी तुमचे, आणि नाव न सांगता रक्त देणाऱ्या रुग्णांचे व त्यांच्या घरच्यांचे, मनापासून आभार.

आपले नम्र,
मनोविकारांच्या जनुकीय डेटावर काम करणारे आम्ही काही जण