पॅकेज अपडेट झालं, पण खाती कुठे गेली?

संपादक साहेब, स. न. वि. वि.

छोट्या संस्थांनी लिनक्स वापरावं, फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, असं तुमच्या पेपरात अधूनमधून येत असतं आणि ते खरंच आहे, मी स्वतः पतसंस्था आणि वाचनालयांची लिनक्सची मशिन्सच सांभाळतो. पण एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

एका पतसंस्थेत डेबियन ११ (लिनक्सचाच एक प्रकार) होतं, मी रविवारी बसून १२ केलं आणि त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याचं नवीन पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, टाकलं. सोमवारी सकाळी क्लार्कने सॉफ्टवेअर उघडलं तर खातेदार शून्य! बाहेर पासबुक घेऊन लाईन, आणि मॅनेजर साहेब माझ्याकडे असे बघतायत की जणू ठेवी मीच घेऊन पळालो.

झालं काय होतं, तर खात्यांचा डेटा असतो पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये. डेबियन ११ मध्ये पोस्टग्रेस १३ येतं आणि १२ मध्ये १५. पोस्टग्रेसची मेजर व्हर्जन बदलली की जुन्या डेटाच्या फाइली नवीन सर्व्हर उघडतच नाही, त्या वेगळ्या हलवाव्या लागतात. म्हणून डेबियन शहाणपणा करतं, जुनं १३ तसंच ५४३२ पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा नंबर) चालू ठेवतं आणि शेजारी १५ चं कोरं क्लस्टर, म्हणजे डेटाबेसचा वेगळा साठा, ५४३३ वर उभं करतं. वर निळ्या स्क्रीनवर सूचनाही देतं की बाबा तुझी व्हर्जन जुनी झाली, डेटा हलव. ती मी एंटर मारून पुढे ढकलली, माझी चूक, मान्य. पण त्या पॅकेजच्या पोस्टइन्स्ट स्क्रिप्टने, म्हणजे इन्स्टॉल झाल्यावर आपोआप चालते ती, क्लस्टरची यादी काढली, शेवटची ओळ उचलली, तेच आपलं घर समजून रिकाम्या १५ मध्ये नवी कोरी टेबलं बनवली आणि सॉफ्टवेअर तिकडे जोडून दिलं. एका शब्दाने विचारलं नाही! डेटा १३ मध्ये सुखरूप होता. कोरं १५ काढून टाकलं, डेटा हलवणारी पीजी-अपग्रेडक्लस्टर कमांड चालवली, जोडणी तपासली, दुपारपर्यंत सगळे खातेदार परत.

त्या पॅकेजच्या डिपेन्ड्सच्या ओळीत, म्हणजे सोबत काय काय लागतंच त्या यादीत, नुसतं 'पोस्टग्रेसक्यूएल' लिहिलेलं, व्हर्जन नाही. डेबियनमध्ये ते नाव म्हणजे त्या रिलीजचं जे पोस्टग्रेस असेल ते, डेबियन १२ मध्ये १५, डेबियन १३ मध्ये १७. काही जण उलटं करतात, नेमकं 'पोस्टग्रेसक्यूएल-१३' लिहून खुंटा ठोकतात, मग पुढच्या डेबियनवर ते पॅकेज मिळतच नाही आणि इन्स्टॉल अडतं (हा उद्योग मीही केलाय पूर्वी). माझ्या मते सॉफ्टवेअरला क्लायंटची (डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची) गरज डिपेन्ड्समध्ये, किमान कुठली व्हर्जन लागते ते लिहून टाकावी, आणि सर्व्हर रेकमेन्ड्समध्ये, म्हणजे असलं तर बरं या यादीत, ठेवावा, कारण डेटाबेस दुसऱ्या मशीनवरही असू शकतो ना. आणि स्क्रिप्टने कुठल्या पोर्टवरचा डेटाबेस हे कॉन्फिगच्या फाइलीतून घ्यावं, अंदाजाने नाही.

अजून एक जुनं दुखणं. पोस्टग्रेसचे नंबर ९.६ नंतर २०१७ मध्ये थेट १० झाले. ज्यांनी स्क्रिप्टमध्ये व्हर्जन साध्या अक्षरांसारखी तुलना केली त्यांच्या हिशोबात १० हे ९.६ पेक्षा लहान, कारण पहिलं अक्षर १! डीपीकेजीची (डेबियनचं पॅकेज सांभाळणारं साधन) कम्पेअर-व्हर्जन्स कमांड नेमकी यासाठीच आहे, पण वापरतो कोण.

आणि पोस्टग्रेसची मेजर व्हर्जन दरवर्षी येते, प्रत्येकीला ५ वर्षं सपोर्ट, म्हणजे हा प्रसंग प्रत्येक संस्थेवर कधी ना कधी येणारच. सॉफ्टवेअर घेताना संचालक मंडळ एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रकमेवर तासभर घासाघीस करतं, पण डेबियन बदलल्यावर डेटा कोण हलवणार हे विचारत नाही. करारात ही एक ओळ टाकून घ्या एवढंच म्हणणं आहे.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर म्हणाला, आमच्याकडे टेस्टिंगला बरोबर चाललं होतं. चालणारच, त्याच्या मशीनवर एकच क्लस्टर. आमच्याकडे १३ चं जुनं क्लस्टर बंद करून ठेवलंय, पुसायचं बाकी आहे, पण मॅनेजर साहेब हात लावू देत नाहीत.

आपला एक नियमित वाचक,
सातारा